गळ्याशी थांबलेला हात

मनालीचा हात कधी कुणाला लागत नाही, हे मोहोपाड्यात सगळ्यांना माहीत होतं. कराटेच्या वर्गात ती समोरच्या मुलीच्या तोंडावर मूठ टाकायची. पूर्ण ताकदीने, कंबरेतून वळून. ती मूठ नाकाच्या शेंड्यापाशी अशी थांबायची, की मुलीच्या कपाळावरची बट तेवढी हलायची. नव्या मुली डोळे मिटून घेत. जुन्या मिटत नसत आणि घरी जाऊन ते आईला सांगत.

हे थांबणं तिला सहज आलं नव्हतं. लहानपणी ती शाळेतल्या मुलांना बडवायची. एकदा एकाचा दात पाडला, तेव्हा तिचे वडील बुधाजी तिला मनगटाला धरून कारखान्याच्या कॉलनीत घेऊन गेले. ते रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला होते आणि त्यांचे एक साहेब संध्याकाळी मुलांना कराटे शिकवत. बाकीचे बाप साहेबांना सांगत, माझ्या पोराला मारायला शिकवा. बुधाजी म्हणाले, "साहेब, मारायचं हिला येतंय. थांबायचं तेवढं शिकवा."

मनालीने ते मनावर घेतलं. वर्षानुवर्षं घरातल्या भिंतीसमोर उभी राहून ती चुन्याला स्पर्श न करता ठोसे मारत राहिली. आई चंद्राबाई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "भिंतीनं काय घोडं मारलंय गं तुजं?" काळा पट्टा मिळाला त्या दिवशी परीक्षकांनी तिला पुन्हा एकदा हात टाकायला लावला, नुसता बघायला म्हणून. त्या गोष्टीचा तिला पट्ट्यापेक्षा जास्त अभिमान होता.

आता तिशी ओलांडली होती. शनिवार-रविवार कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर उभं राहायचं, मुंबईहून आलेल्या लोकांना खोल्यांच्या चाव्या द्यायच्या आणि त्यांनी पिऊन केलेले विनोद न ऐकल्यासारखं करायचं. इतर दिवशी मोहोपाड्यात वर्ग. मंगळवारी आणि गुरुवारी स्कूटीवरून चौकमार्गे कर्जतला, तिथल्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये दुसरा वर्ग. त्याच हॉलमध्ये तिच्यानंतर ज्युदोचा वर्ग भरायचा. तो आसावरी घ्यायची.

आसावरी कर्जतची. तिचे आजोबा गावातले जुने डॉक्टर, वडील वकील. तिने पुण्याला शिकताना ज्युदो उचललं आणि परत येऊन मुलींचा वर्ग सुरू केला. ज्युदो म्हणजे धरायचं, ओढायचं, उचलून आपटायचं. त्यासाठी खाली जाड गाद्या लागतात, आणि त्या गाद्या तिच्या वडिलांच्या ओळखीने आल्या होत्या. मनालीच्या वर्गाला नुसती फरशी पुरत असे. वर्ग संपायच्या आधीच ज्युदोच्या मुली गाद्या ओढत आत यायच्या आणि कराटेच्या मुली मागे मागे सरत शेवटी भिंतीला लागायच्या.

"पाच मिनिटं आहेत अजून," मनाली म्हणायची.

"असू दे ना. तुम्हाला कुठे जागा लागते? हवेतच तर मारायचं असतं," आसावरी हसून म्हणायची. आणि मग मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात, "मनाली, आज किती जणींना नाही मारलंस?"

मुली खुदकन हसायच्या. मनालीही सोडायची नाही. "तुमचं चालू द्या लोळणं. रस्त्यावर कुणी धरलं तर त्याला सांगा, जरा थांब, गादी आणते."

लोकांना वाटायचं, मैत्रिणी आहेत, थट्टा चालते. सुरुवातीला ती थट्टाच होती. पुढे पुढे तिच्यातलं हसू कमी होत गेलं आणि शब्द तेवढे उरले. एकदा मनालीची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी, सानवी, मनगटपट्टी सोडवता सोडवता म्हणाली, "ताई, रागावू नका. पण खरंच लागला असता का? म्हणजे... थांबवलाच नसता तर?"

मनालीने तिला उत्तर दिलं. काय दिलं ते तिला नंतर आठवेना. त्या संध्याकाळी परतताना चौकच्या गॅरेजांपाशी तिने स्कूटी थांबवली आणि उगाच उभी राहिली. समोर एक मेकॅनिक ट्रकच्या चाकावर घण घालत होता. प्रत्येक घाव लागत होता. लागला की आवाज येत होता. तिच्या हाताचा आवाज कधीच कुणी ऐकला नव्हता.

त्याच सुमारास कर्जतच्या मुलींच्या एका शाळेने स्वसंरक्षणासाठी शिक्षिका नेमायचं ठरवलं. जागा एक. अर्ज दोघींचे. मनालीला ती जागा मिळाली, तर कळंबचं रिसेप्शन सुटणार होतं, स्कूटीवरची वणवण सुटणार होती. पण हे ती दुसऱ्यांना सांगायची. स्वतःशी ती एवढंच म्हणायची, की ही जागा आसावरीला मिळाली तर आपला हात खोटा ठरला.

मुख्याध्यापिका द्वारकाबाई सरळ स्वभावाच्या. त्यांनी दोघींना बोलावून सांगितलं, "मला तुमच्या दोन्हीतलं काही कळत नाही. स्नेहसंमेलनात दोघी मिळून करून दाखवा. पालक असतील, समितीचे लोक असतील. सगळ्यांना जे पटेल ते."

"गाद्या लावता येतील ना स्टेजवर?" आसावरीने विचारलं.

"गाद्या कुठे गं? मागोमाग नाच आहेत. सतरंजी असेल."

मग दोघींनी हॉलमध्ये बसून कार्यक्रम ठरवला. गादी नाही, म्हणजे आसावरीने कुणाला फेकायचं नाही. नुसतं कंबरेवर उचलायचं आणि अलगद खाली ठेवायचं. ज्याला पडायला शिकवलेलं नाही त्याला फेकायचं नाही, हा तिच्याकडचा पहिला नियमच होता. तिच्या वर्गात मुली पहिले दोन महिने दुसरं काही करत नसत, फक्त पडत. मनालीच्या बाजूने ठरलं ते असं: आसावरीने कॉलर धरायची, मनालीने ठोसा टाकून तो गळ्याशी थांबवायचा. थांबला की आसावरीने कॉलर सोडून मागे व्हायचं. शेवटी मनालीने कौलं फोडायची.

"गळ्याशी म्हणजे किती लांब?" आसावरीने विचारलं.

"कागद जाईल एवढं."

"आणि मी पुढे आले तर?"

"तू पुढे येणार नाहीस. ठरलंय ना."

तालीम नीट झाली. आसावरीने कॉलर धरली, मनालीचा हात थांबला, आसावरी मागे झाली. सगळं बरोबर झालं, आणि तरी दोघींनाही ते खोटं वाटलं. मनालीला वाटलं, ही उपकार केल्यासारखी मागे होते. आसावरीला वाटलं असावं, मी नसलेल्या माराला भिऊन का मागे व्हायचं. ती पाणी पिता पिता म्हणालीच, "स्टेजवर जरा जीव घालून कर बाई. लोकांना वाटायला हवं."

"तू जरा जोरात धर," मनाली म्हणाली. "गोंजारतेयस."

"बघ हं."

"बघते."

स्नेहसंमेलन सकाळी होतं. शाळेच्या पटांगणात फळ्यांचं स्टेज, वर लाल-पिवळं कापड, खाली मुलींच्या रांगा. पुढच्या खुर्च्यांवर समितीचे लोक. बुधाजींना यायचं होतं, पण मनालीनेच नको म्हटलं होतं. बाप समोर असला की ती लहान होत असे.

पहिला भाग छान झाला. आसावरीने एका मुलीला कंबरेवर उचललं, हवेत धरलं आणि पिसासारखं खाली ठेवलं. टाळ्या पडल्या. मग मनालीने चार दिशांना हात-पाय टाकले. प्रत्येक फटक्याबरोबर तिचा हुंकार पटांगणभर गेला. लहान मुलींनी नक्कल करत हुंकार दिला आणि हशा पिकला. तिला तो हशा झोंबला. पुढच्या रांगेतून एक बाई बोललेलीही तिच्या कानावर आली, "हे नाचासारखंच आहे की."

मग दोघी समोरासमोर आल्या.

आसावरी तालमीत यायची त्यापेक्षा वेगात आली. तिने कॉलर धरली ती खरोखरीची. बोटं कापडात रुतली, दुसऱ्या हाताने बाही पकडली गेली आणि मनालीची मान पुढे ओढली गेली. मनालीचा हात सुटला. तोही तालमीतला नव्हता. त्यात चौकचा घण होता, सानवीचा प्रश्न होता, भिंतीसमोरची सगळी वर्षं होती. आणि तो हात आसावरीच्या गळ्याच्या खळगीपाशी येऊन थांबला. कागदाएवढ्या अंतरावर. मनालीला बोटांच्या पेरांवर समोरच्या कातडीची ऊब लागली. आपण आयुष्यात मारलेला हा सगळ्यात चांगला ठोसा आहे, हे तिला त्या क्षणीच कळलं.

आणि ती थांबली.

तिच्याकडे इथे सगळं थांबतं. पंच झेंडा वर करतात, समोरची मान लववते. तसं शिकलेलं शरीर तिथे सैल होतं. ती सैल झाली. आसावरीच्या शरीराला मात्र काहीच झालं नव्हतं. काही लागलं नव्हतं, म्हणजे काही संपलं नव्हतं. उलट समोर एक सरळ ताणलेला, थांबलेला हात होता, आणि वर्षानुवर्षं असा हात दिसला की ती एकच गोष्ट करत आली होती. ती वळली, तो हात खांद्यावर घेतला आणि वाकली.

मनालीला आधी आभाळाचा तुकडा दिसला, मग मंडपाचं पिवळं कापड. मग फळ्या. तिला पडता येत नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं; कराटेत पडणं ही शिकायची गोष्ट आहे असं कधी कुणाला वाटलं नव्हतं. ती डाव्या खांद्यावर आपटली आणि मानेजवळ आत काहीतरी जागेवरून सरकलं.

पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या मुलींनी शिट्ट्या मारल्या. सगळ्यांना वाटलं, हे असंच ठरलेलं होतं.

मनाली उठली. कशी उठली ते तिचं तिला माहीत. उठून तिने आसावरीला मान लववली. आसावरीचा चेहरा पांढरा पडला होता. हाड मोडल्याचा आवाज तिने यापूर्वी गादीवर ऐकला होता.

"मनाली, खांदा..."

"हस," मनाली ओठ न हलवता म्हणाली. "समोर बघ आणि हस."

"वेडी आहेस का? मी सांगते त्यांना."

"तोंड उघडलंस तर याद राख."

दोन मुलींनी कौलं आणून मांडली. दोन बाजूंना विटा, त्यांवर एकावर एक तीन कौलं. मनाली गुडघ्यावर बसली. डावा हात तिने पट्ट्यात खोचल्यासारखा धरला होता. लांबून तो डौल वाटत होता. समितीचा एक माणूस द्वारकाबाईंकडे झुकून काही म्हणाला आणि द्वारकाबाईंनी आसावरीकडे बघून मान डोलावली. मनालीला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

उजवा हात शाबूत होता. एवढं एकच तिच्या मनात होतं. उजव्याने फोडायचं, आवाज होईल, तुकडे उडतील, सगळे बघतील. फोडताना डावा खांदा मागे खेचला जाणार, तेव्हा काय होईल ते नंतर. एका फटक्याचा प्रश्न आहे. नंतर स्टेजच्या मागे जाऊन ओरडायचं.

तिने मूठ कौलावर टेकवून अंतर घेतलं.

तेवढ्यात भोंग्यातून आसावरीचा आवाज आला. तिने निवेदन करणाऱ्या बाईंच्या हातून माइक घेतला होता.

"एक मिनिट. मघाशी तुम्ही टाळ्या वाजवल्या ना, त्यात एक चूक झाली." तिचा आवाज जरा चिरकत होता. "मनालीताईंचा हात माझ्या गळ्यावर थांबला होता. त्यांनी थांबवला. नसता थांबवला तर मी तिथेच मेले असते. मेलेली बाई कुणाला फेकत नाही. ते फेकणं खोटं होतं, आणि ठरलेलंही नव्हतं."

काही मुली 'मेले'ला हसल्या. मग हसू विरलं. द्वारकाबाई खुर्चीत सरळ बसल्या. सगळं पटांगण आता मनालीकडे बघत होतं.

मनालीला बरं वाटायला हवं होतं. तिला संताप आला. ज्या गोष्टीसाठी ती इतकी वर्षं झिजली, ती आता हिने माइकवरून वाटून टाकावी? आणि तरी तिला हेही दिसत होतं, की आता ही तीन कौलं फोडली तर जागा आपली. इतके कान टवकारलेले आहेत. एक फटका, आणि कुणाच्या मनात काही उरणार नाही.

तिने श्वास भरून घेतला. श्वासाबरोबर हाड हाडावर घासलं. डोळ्यांसमोर क्षणभर काही दिसेना. दिसायला लागलं तेव्हा समोर स्टेजला नाक लावून बसलेल्या मुली होत्या, पाचवी-सहावीतल्या. त्यांनी तिच्यासारख्याच मुठी गुडघ्यांवर धरल्या होत्या आणि श्वास रोखून ठेवला होता. तिच्या तोंडावर जे दिसत होतं तेच त्या सगळ्यांच्या तोंडावर होतं: दात आवळलेले, डोळे कोरडे. तिने न शिकवता त्या शिकल्या होत्या.

तिने मूठ उचलली. आणि ती हळूच मांडीवर ठेवली.

"माझं हाड मोडलंय," ती म्हणाली. माइक नव्हता, आवाज चौथ्या रांगेपर्यंत गेला असेल. "मला उठता येत नाहीये. कुणीतरी या."

कुणी हललं नाही. मुलींना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. एकीने टाळी वाजवायला सुरुवात केली, शेजारणीने तिचा हात धरला. ते काही क्षण मनालीला पडण्यापेक्षा लांब वाटले. मग आसावरी माइक तिथेच टाकून धावली.

शाळेने पुढे दोघींपैकी कुणालाच घेतलं नाही. समितीने विचार केला, जोखीम पाहिली आणि स्वसंरक्षणाऐवजी योगासनं ठेवायचं ठरवलं. त्यासाठी शाळेतल्याच एका बाईंना शिबिराला पाठवलं. मनाली त्यानंतरही शनिवार-रविवार कळंबला उभी राहत होती. पण ते सगळं नंतरचं.

त्या सकाळी आसावरीने तिला टमटममध्ये बसवलं आणि शेजारी बसून तिचा दंड, कोपर आणि मनगट असं काही धरून ठेवलं, की खड्डा आला तरी हात हलेना. धरणं तिला येत होतं. मनाली ते नाकारू शकली नाही. गाडी भाजी बाजारातून वाट काढत निघाली.

"माइकवर कुणी सांगितलं होतं बोलायला?" मनाली म्हणाली.

"कुणी नाही."

"जागा गेली तुझी."

"तुझीही गेली. तूच सांगितलंस हाड मोडलं म्हणून."

गाडी गतिरोधकावरून गेली. मनालीने डोळे घट्ट मिटले. आसावरीने पकड बदलली, मग आधीचीच बरी होती असं वाटून पुन्हा तशीच केली.

"एक सांग," मनाली म्हणाली. "सोडलं का नाहीस? हात थांबला होता. तुला कळलं नाही असं मला सांगू नकोस."

आसावरी बाहेर बघत राहिली. कपड्याचं दुकान गेलं, औषधाचं दुकान गेलं.

"खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "पण कळलं ते नंतर. तेव्हा कळलं एवढंच, की काहीतरी गळ्यावर येतंय आणि ते थांबणार नाही. मी घाबरले, मनाली. इतकी घाबरले, की हाताला जे येत होतं ते करून मोकळी झाले."

"माझ्या हाताला घाबरलीस."

"हो."

"जो हवेतच असतो."

"आता पुरे कर ना," आसावरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हते.

मनालीला हसू फुटलं. पण हसताना खांदा हलतो, हे तिला पहिल्याच उसळीत कळलं. तिने ओठ दाबून धरले, डोकं मागे टेकवलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जरा हळू घ्या."